सेन्सरची नक्कल आणि ‘हुबेहूब’ या शब्दाची अडचण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रामाण्यवाद पाहिला. एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं, ते आपलं खरेपण स्वतःबरोबर घेऊन येतं की बाहेरून तपासून घ्यावं लागतं, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद. त्यानंतर बऱ्याच जणांनी लिहून विचारलं, की सर, हे सगळं ठीक आहे, पण आज याचं करायचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज ग्रंथ बाजूला ठेवून एका अगदी आजच्या उद्योगाकडे बघू, आणि त्यावर थोडी टीकाही करू. टीका म्हणजे दोषदर्शन असं नव्हे. टीका म्हणजे, जे शब्द वापरले जातात ते आपला भार पेलतात का हे बघणं.

उद्योग असा. आज स्वतः चालणाऱ्या गाड्या आहेत, ड्रोन आहेत, रोबो आहेत, चंद्रावर उतरणारी यानं आहेत. यांना डोळे-कान नाहीत, सेन्सर आहेत. कॅमेरा, रडार, लेझरच्या किरणांनी अंतर मोजणारा लायडर, हालचाल आणि फिरकी मोजणारी जडत्वमापक यंत्रणा. आता अशी गाडी काही थेट रस्त्यावर सोडून बघता येत नाही, आणि यान चंद्रावर दहादा उतरवून बघता येत नाही. म्हणून संगणकात एक जग उभं करतात आणि त्यात ते यंत्र चालवून बघतात. पण त्या जगात खरा सेन्सर तर नाही! तेव्हा एक प्रोग्राम लिहायचा, जो सेन्सरच्या वतीने आकडे देईल: ‘इथे खरा सेन्सर असता तर त्याने हे सांगितलं असतं.’ यंत्राच्या मेंदूला हे आकडे खऱ्यासारखेच पोचतात. याला म्हणतात सेन्सर सिम्युलेशन. आणि त्याच्या प्रत्येक जाहिरातीत एक विशेषण असतंच असतं: वास्तववादी, हुबेहूब.

त्या विशेषणाशी आमचं भांडण आहे.

एक गोष्ट आधीच बाजूला करतो. ‘सिम्युलेशन’ म्हटलं की हल्ली लगेच कोणीतरी म्हणतं, अहो, हे सगळं जगच एक सिम्युलेशन आहे, आपल्या शंकराचार्यांनी हेच सांगितलं होतं. शंकराचार्यांनी हे सांगितलं नव्हतं. आणि जगच खोटं ठरलं तर त्यातला चांगला सेन्सर आणि वाईट सेन्सर यांत फरक करायचं कारणच उरत नाही. ज्यांना गाडी बनवायची आहे त्यांना ही चैन परवडणारी नाही. आपल्यालाही नको.

तर उदाहरण. जपानमधली आयस्पेस नावाची खासगी कंपनी. त्यांच्या हाकुतो-आर या पहिल्या मोहिमेचं यान डिसेंबर २०२२ मध्ये निघालं आणि जपानच्या वेळेनुसार २६ एप्रिल २०२३ च्या पहाटे चंद्रावर उतरायला लागलं. अमिरातींची राशिद नावाची छोटी गाडी त्याच्या पोटात होती. यशस्वी झालं असतं तर चंद्रावर अलगद उतरलेलं ते पहिलं खासगी यान ठरलं असतं. उतरण्याची सगळी प्रक्रिया व्यवस्थित पार पडली. यानाचा वेग ताशी वगैरे नव्हे, सेकंदाला एक मीटरहून कमी, इतका हळू झाला. यानाच्या हिशेबाने उंची शून्य झाली. म्हणजे आता पाय टेकायला हवेत. टेकले नाहीत. कारण यान खरं म्हणजे जमिनीपासून सुमारे ५ किलोमीटर वर होतं. ते तिथेच, आपण पोचलोच आहोत अशा समजुतीत, हळूहळू खाली येत राहिलं, इंधन संपलं, आणि मग पडलं.

एक महिन्याने कंपनीने कारण जाहीर केलं, आणि ते आमच्या मते गेल्या काही वर्षांतलं ज्ञानमीमांसेवरचं सर्वांत चांगलं वाचन आहे. झालं असं: उतरायच्या जागेकडे जाताना यान एका विवराच्या कड्यावरून गेलं. हा कडा सुमारे ३ किलोमीटर उंचीचा. कडा ओलांडला की खालची जमीन एकदम दूर जाते. त्यामुळे सेन्सरने मोजलेली उंची एकदम वाढली. अगदी बरोबर वाढली! सेन्सर खरं बोलत होता. पण यानाच्या सॉफ्टवेअरने आपल्या मनाशी एक अंदाज धरलेला असतो, की या क्षणी उंची साधारण इतकी असावी. त्या अंदाजात आणि मोजलेल्या आकड्यात फार मोठी तफावत पडली. सॉफ्टवेअरने निष्कर्ष काढला: सेन्सर बिघडला. आणि तिथून पुढे सेन्सरचं म्हणणं ऐकणंच बंद केलं. उरलेला प्रवास फक्त अंदाजावर.

आता हे ऐकून ‘किती मूर्ख प्रोग्राम’ असं म्हणू नका. तो गाळणीचा नियम मुद्दाम, शहाणपणाने घातलेला होता. कारण सेन्सर खरोखरच बिघडतात. मधूनच एखादा वेडावाकडा आकडा देतात, आणि तो जसाच्या तसा मानला तर त्या एका आकड्यापायी यान कोसळेल. तेव्हा संशय हवाच. प्रश्न आहे, संशय कधी घ्यायचा?

इथे मीमांसक आठवा. कुमारिलांचं म्हणणं काय होतं? ज्ञान झालं की ते खरं धरून चालायचं. ते सोडायचं फक्त दोन परिस्थितींत. एक, त्याला खोडून काढणारं दुसरं ज्ञान झालं तर. दोन, ज्या साधनातून ते ज्ञान आलं त्या साधनात दोष आहे असं कळलं तर. लांबून साप दिसला, जवळ गेलो तर दोरी दिसली, हे पहिलं. शंख पिवळा दिसतोय, पण मला कावीळ झाली आहे हे मला वैद्याने सांगितलं, हे दुसरं. या दोन्हींपैकी काही नसेल तर उगाच शंका काढत बसायचं नाही, नाहीतर व्यवहारच बंद पडेल.

हाकुतोच्या यानापाशी यांपैकी काय होतं? सेन्सर बिघडल्याचा स्वतंत्र पुरावा नव्हता. उंची कमी असल्याचं दुसरं प्रत्यक्षही नव्हतं. होता तो फक्त अंदाज. म्हणजे अनुमानाने प्रत्यक्षाला खोडलं. आपल्या न्यायशास्त्रात हेत्वाभासांचा एक प्रकार आहे, बाधित. त्याचं शाळेतलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे: अग्नी थंड असला पाहिजे, कारण तो द्रव्य आहे, जसं पाणी. या अनुमानाला उत्तर द्यायची गरजच नसते, हात लावला की झालं. प्रत्यक्ष अनुमानाला बाधित करतं. यानात उलटं झालं. हात भाजत होता आणि डोकं म्हणत होतं, हात बिघडलेला दिसतो.

पण आपला विषय सिम्युलेशन आहे. त्याचा इथे काय संबंध? कंपनीच्या स्पष्टीकरणात तोच तर कळीचा भाग आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रचनेचा महत्त्वाचा आढावा पूर्ण झाला, आणि त्यानंतर उतरायची जागा बदलली. उतरण्याची सिम्युलेशनं पुष्कळ केली होती. पण नव्या जागेकडे जाणाऱ्या वाटेवरचा परिसर, म्हणजे तो कडा, त्या सिम्युलेशनांत पुरेसा आलाच नव्हता. म्हणजे नक्कल केलेल्या सेन्सरने नकली जगात कधी तशी उडी मारलीच नाही. गाळणीचा नियम प्रत्येक परीक्षेत पास होत गेला, कारण ज्या प्रश्नावर तो नापास झाला असता तो प्रश्न प्रश्नपत्रिकेत नव्हता.

आम्ही आयुष्यभर परीक्षा घेतल्या आहेत, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. शिकवणारा, प्रश्नपत्रिका काढणारा आणि उत्तरपत्रिका तपासणारा एकच माणूस असला की सगळी मुलं हुशार निघतात. सिम्युलेशनची मूळ अडचण हीच आहे. ज्या डोक्याने यंत्राचा अंदाज लिहिला, पुष्कळदा त्याच डोक्याने, किंवा त्याच्या शेजारी बसलेल्या डोक्याने, यंत्राची परीक्षा लिहिलेली असते. दोघांनी जे गृहीत धरलं आहे ते एकमेकांशी छान जुळतं. आणि जुळलं की त्याला ‘पडताळा’ म्हणतात.

आता जमिनीवर येऊ. स्वतः चालणाऱ्या गाड्यांच्या संशोधनात कार्ला नावाचा एक सिम्युलेटर फार वापरला जातो. लोणावळ्याजवळच्या आपल्या कार्ल्याशी त्याचा संबंध नाही, नाव इंग्रजी अक्षरांवरून झालं आहे. २०१७ साली तो जगापुढे आला. खुला आहे, फुकट आहे, त्यावर पिढीभर विद्यार्थी शिकले. आम्ही इंजिनिअर नाही, पण अशा गोष्टींचे दस्तऐवज वाचायची आम्हाला खोड आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पाच मिनिटं डुलकी घ्यायला हरकत नाही.

कार्लामध्ये शहर आहे, झाडं आहेत, पाऊस पडतो, रस्ता ओला चकाकतो, संध्याकाळचं तिरपं ऊन पडतं. चित्र बघितलं तर कोणीही म्हणेल, वा, काय हुबेहूब! आता त्याच शहरात लायडर लावा. लायडर म्हणजे किरण सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत आला की लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. दस्तऐवजात सांगितलेल्या साध्या मॉडेलमध्ये परत येणाऱ्या किरणाची तीव्रता कशावर ठरते? अंतरावर आणि हवेत प्रकाश किती विरतो त्या एका स्थिरांकावर. बस. म्हणजे काळी गाडी आणि पांढरी गाडी सारख्याच अंतरावर उभ्या असतील तर दोन्हींकडून येणारा प्रतिसाद सारखाच. आणि पाऊस? हवामानाचे बदल फक्त दिसण्यापुरते असतात, ते कॅमेऱ्याला दिसतात, असं दस्तऐवजच सांगतो. किरणाला पाऊस लागत नाही. म्हणजे कॅमेरा भिजतो आणि त्याच छतावर शेजारी बसलेला लायडर कोरडा राहतो.

प्रत्यक्षात काय होतं? काळा रंग किरण गिळतो, परत फार थोडा येतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो, किरण पुढे निघून जातो आणि रस्ता जणू नाहीसाच होतो. काचेतून किरण आरपार जातो, कधी काचेवरून उडून भलत्याच वस्तूवर आपटून येतो आणि नसलेली वस्तू दाखवतो. रस्त्यावरच्या चमकणाऱ्या पाट्या इतका प्रकाश परत फेकतात की सेन्सर दिपतो. पावसाचे थेंब, धुकं, पुढच्या गाडीने उडवलेला चिखल, यांच्यावरून किरण अर्ध्यातूनच परततो.

हे कार्ला बनवणाऱ्यांना माहीत नाही असं मुळीच नाही. मुद्दा उलट आहे. त्यांनी आपल्या कागदपत्रांत काय केलं आणि काय केलं नाही हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. त्यात एक सोय आहे, की काही बिंदू यदृच्छेने गाळून टाकायचे, म्हणजे ‘न परतलेला किरण’ साधता येतो. न सांगता ठेवलेलं प्रमाण आहे ४५ टक्के. अंतरात चूक घालायचीही सोय आहे, पण तिचं न सांगता ठेवलेलं मूल्य शून्य आहे. म्हणजे तुम्ही काही बदललं नाही तर तुम्हाला एक असं इंद्रिय मिळतं जे अर्ध्या वेळा गप्प बसतं, पण बोललं की कधीच चुकत नाही. असा साक्षीदार जगात कोणी पाहिला आहे का? आणि जे विद्यार्थी हे मूल्य न बदलता निकाल काढतात, प्रबंध लिहितात, त्यांचे दोष मात्र कार्लावर घालता येणार नाहीत.

इथे ‘हुबेहूब’ या शब्दाची गाठ सुटायला लागते. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द लावतो. एक, नकली जग आपल्या डोळ्यांना खऱ्यासारखं दिसणं. दुसरी, नकली सेन्सर खऱ्या सेन्सरसारखा चुकणं. पहिलीवर पैसा ओतला जातो, कारण ती सभागृहात दाखवता येते. दुसरी दाखवता येत नाही, कारण ती आकड्यांच्या विखुरण्यात असते. पण यंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसरीच. यंत्राला जग मिळत नाही, सेन्सरचा आकडाच मिळतो.

पिवळ्या शंखाकडे परत येऊ. नैयायिकांनी चुकीच्या ज्ञानाची कारणं शोधताना ‘दोष’ ही कल्पना फार बारकाईने वापरली. काविळीचा दोष आणि अंतराचा दोष एक नाहीत. काविळीने प्रत्येक पांढरी वस्तू पिवळी दिसते, सगळी चूक एकाच दिशेला. लांबच्या खुंटाचा माणूस वाटतो तेव्हा चूक कधी होते, कधी होत नाही, आणि जवळ गेलं की जाते. तिसरा प्रकार, डोळा दिपल्यावर काहीच दिसत नाही. प्रत्येक दोषाला त्याचा स्वभाव आहे. सेन्सरच्या दोषांनाही तसाच स्वभाव आहे, आणि चांगले इंजिनिअर तो तसाच वेगवेगळा मांडतात. कॅमेऱ्याच्या प्रत्येक ठिपक्यात प्रकाशकण मोजले जातात. जिथे सरासरी १०० कण यायचे तिथे साधारण १० इकडे-तिकडे होतात, जिथे १०,००० यायचे तिथे १००. म्हणजे अंधारात १० टक्क्यांचा गोंधळ, उजेडात १ टक्क्याचा. तेव्हा ‘चित्रावर सगळीकडे सारखा दाणेदारपणा टाकला’ म्हणजे नक्कल झाली असं नाही. फिरकी मोजणाऱ्या यंत्रणेचा दोष आणखी वेगळा: क्षणाक्षणाची थरथर असतेच, पण तिच्या खाली शून्याची जागाच हळूहळू सरकत राहते. थरथर सरासरी काढून जाते, सरकणं जात नाही, उलट साचत जातं.

थ्रून, बुर्गार्ड आणि फॉक्स यांचं २००५ चं रोबोशास्त्रावरचं एक पुस्तक या विद्येत पाठ्यपुस्तक म्हणून मानलं जातं. त्यात अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या चुकांचे चार भाग पाडले आहेत: खऱ्या आकड्याभोवतीची थरथर, मध्येच कोणी आडवं आल्याने कमी आलेलं अंतर, किरण परतलाच नाही म्हणून आलेला कमाल आकडा, आणि ज्याचं कारणच सांगता येत नाही असा भलताच आकडा. आम्हाला हा चौथा भाग फार आवडतो. ‘आम्हाला कळत नाही असंही काही होतं’ यासाठी शास्त्राने राखून ठेवलेली जागा. हाकुतोच्या परीक्षकांनी अशीच जागा सेन्सरच्या बिघाडासाठी राखली होती. जमिनीच्या आश्चर्यासाठी नव्हती.

मग जास्तीत जास्त गडबड घालावी का नकलेत? नाही. ससेक्स विद्यापीठातल्या याकोबी, हजबंड्स आणि हार्वी यांनी १९९५ साली छोट्या खेपेरा रोबोंवर याचा प्रयोग केला. नकलेत गडबड अजिबात नसली तर तिथे तयार झालेला रोबो प्रत्यक्षात फसतो, हे अपेक्षितच होतं. पण गडबड प्रत्यक्षापेक्षा फाजील असली तरीही फसतो. कारण रोबो त्या खोट्या गडबडीचाच फायदा घ्यायला शिकतो. रोजच्या भाषेत सांगायचं तर, जो मुलगा फक्त गोंगाटात अभ्यास करायला शिकला त्याला शांत परीक्षागृहात झोप येते.

आणि याच्या अगदी उलट बाजूचा एक पुरावा आहे, तो झाकून ठेवणं बरं नव्हे. २०१७ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी वास्तवाचा नादच सोडला. नकली जगात वस्तूंना वाटेल ते रंग दिले, प्रकाश वाटेल तसा बदलला, असं जग कुठेही नाही इतकं ते विचित्र केलं, आणि अशा असंख्य विचित्र जगांत संगणकाला वस्तू ओळखायला शिकवलं. खऱ्या कॅमेऱ्यासमोर त्याने वस्तूची जागा सुमारे दीड सेंटिमीटरच्या चुकीने सांगितली. विचार असा की इतकी विचित्र जगं पाहिली की खरं जग हे त्यांतलंच आणखी एक वाटेल. आमच्या मते ‘हुबेहूब’ या शब्दाचा दिमाख उतरवणारा हा प्रयोग आहे. एकच जग हुबेहूब करत बसण्यापेक्षा आपल्या अज्ञानाइतकी रुंद जगं करणं जास्त उपयोगी ठरू शकतं. पण ही झाली शिकवण्याची गोष्ट. परीक्षा घेताना ही युक्ती कितपत चालेल, हा वेगळा प्रश्न आहे.

आता हाकुतोचा जुळा भाऊ. १९ ऑक्टोबर २०१६, मंगळ, युरोपीय अंतराळ संस्थेचं स्कियापारेल्ली यान. पॅराशूट उघडलं, यान जोरात हेलकावलं, आणि फिरकी मोजणाऱ्या यंत्रणेचा आकडा आपल्या कमाल मर्यादेला जाऊन सुमारे एक सेकंद तिथेच अडकला. डोळा दिपला म्हणा ना. पण संगणकाने त्या दिपलेल्या डोळ्याचं म्हणणं खरं मानलं आणि त्यावरून यानाची दिशा काढली. त्याला वाटलं, आपण जवळजवळ उलटे झालो आहोत. मग रडारने दिलेलं अंतर त्या चुकीच्या दिशेने मांडलं तर उंची आली ऋण. जमिनीच्या खाली! जमिनीच्या खाली म्हणजे उतरलोच की. पॅराशूट सोडून दिलं, ब्रेकचे रॉकेट क्षणभर पेटवून बंद केले, आणि जमिनीवर करायची कामं सुरू केली. यान होतं ३.७ किलोमीटर उंचावर.

पहिल्या यानाने खऱ्या सेन्सरवर अविश्वास दाखवला, दुसऱ्याने दिपलेल्या सेन्सरवर विश्वास ठेवला. म्हणून ‘नेहमी सेन्सरवर विश्वास ठेवा’ किंवा ‘नेहमी संशय घ्या’ असा एकही नियम टेबलावर बसून लिहिता येत नाही. लागतं ते कुमारिल म्हणतात तसं, साधनाच्या दोषाचं ज्ञान. स्कियापारेल्लीच्या संगणकाला आपला डोळा दिपला आहे ही सूचना मिळाली होती. त्या सूचनेचं काय करायचं, ती किती वेळ धरून ठेवायची, हे नीट ठरवलेलं नव्हतं.

आणि चौकशीत काय निघालं? पॅराशूटच्या हेलकाव्यांचं जे मॉडेल होतं त्यात हेलकावे प्रत्यक्षापेक्षा फार सौम्य धरले होते. अपघातानंतर संगणकावर नक्कल करून बघितली, तर अगदी तसंच घडलं! ऋण उंची, पॅराशूट सुटणं, सगळं. सिम्युलेशन बिनचूक होतं, फक्त त्याला खरा हेलकावा कोणीतरी सांगायला हवा होता. तो सांगायला यान पडावं लागलं.

तेव्हा आमचं म्हणणं काय? सिम्युलेशन हे प्रमाण नाही. प्रत्यक्ष नाही, कारण इंद्रियाचा आणि वस्तूचा संबंधच आलेला नाही. पण म्हणून ते कचऱ्यात टाकायचं असंही नाही. न्यायशास्त्रात त्याच्यासाठी नेमकी जागा आहे: तर्क. मराठीत आपण ‘तर्क लढवणे’ म्हणतो तो नव्हे. शास्त्रातला तर्क म्हणजे ‘समजा असं असतं तर असं झालं असतं’ ही चाल. आग नसती तर धूरही नसता. तर्क स्वतः नवं काही सिद्ध करत नाही, तो प्रमाणाला मदत करतो, शंका दूर करतो, चुकीची वाट बंद करतो. सिम्युलेशन अगदी हेच करतं. ‘सेन्सर एक सेकंद दिपला तर?’ हे विचारलं तर ते प्रामाणिक उत्तर देतं. जे विचारलं नाही त्याचं उत्तर ते कधीच देत नाही. खरा सेन्सर मात्र न विचारता सांगतो. कड्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं, तरी त्याने सांगितलं.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो आणि आटोपतो. चांद्रयान-२ चा विक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्यात हरवला. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त झाला आणि चुका साचत गेल्या, असं नंतर इस्रोच्या अध्यक्षांनी सांगितलं. चांद्रयान-३ ची रचना करताना त्यांनी प्रश्नाची दिशा बदलली: काय जमलं पाहिजे, याऐवजी काय काय बिघडू शकतं. उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर होती ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. वेग थेट मोजणारा लेझरचा नवा सेन्सर बसवला. सिम्युलेशनं तर केलीच. पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की खरे सेन्सर हेलिकॉप्टरला लावून खऱ्या जमिनीवरून फिरवले, आणि इंजिनांसकट सगळी यंत्रणा क्रेनला टांगून तपासली. त्याआधी चांद्रयान-२ च्या वेळी कर्नाटकात चल्लकेरेजवळ कृत्रिम विवरं खणून त्यांच्यावरून सेन्सर विमानातून नेले होते. माती चंद्राची नव्हती, गुरुत्व चंद्राचं नव्हतं. ‘हुबेहूब’ या कसोटीवर हे सगळं नापास. पण खऱ्या किरणाने खऱ्या खड्ड्याला स्पर्श केला होता. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आपण सगळ्यांनी पाहिली.

वेळ संपत आली आहे. दोन प्रश्न आले आहेत ते घेतो.

पहिला प्रश्न: ‘सिम्युलेटर एक दिवस पूर्ण अचूक झाला, तर त्याच्यात आणि प्रत्यक्षात काय फरक उरेल?’ बघा, ‘पूर्ण अचूक’ म्हणजे सेन्सरचे सगळे दोष त्यात आले, असंच ना? सगळे आले हे कोणाला कसं कळणार? ते ठरवायला प्रत्येक वेळी खऱ्या सेन्सरपाशीच जावं लागेल. नकलेची अचूकता नकलेत बसून मोजता येत नाही. त्यामुळे ‘पूर्ण’ या शब्दाला इथे अर्थ नाही. ‘आजवर सापडलेल्या दोषांपुरता अचूक’ असं म्हणा, आमची हरकत नाही.

दुसरा प्रश्न जरा खोडकर आहे. ‘सर, सिम्युलेटरमध्ये लाखो किलोमीटर चालून पास झालेल्या गाडीत तुम्ही बसाल का?’ किलोमीटर ऐकून नाही बसणार. त्या लाखो किलोमीटरमध्ये लायडर किती वेळा भिजला, कॅमेऱ्यावर किती वेळा चिखल उडाला, आणि हे दोष कोणी निवडले, गाडी बनवणाऱ्याने की तिऱ्हाईताने, ते विचारू. तिऱ्हाईताने निवडले असतील, आणि गाडी कुठे कुठे नापास झाली ती यादी दाखवली, तर बसू. यादी कोरी असेल तर रिक्षाने जाऊ.

पुढच्या शनिवारी याच वेळी ‘तर्क’ हाच विषय सविस्तर घेणार आहोत. आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था हे चार दोष वाचून या. आज सांगितलेल्या प्रश्नपत्रिकेच्या उदाहरणात त्यांतला कोणता बसतो, ते लिहून पाठवा.